०३२३३ क्रमांकाचे कासव

२७ जानेवारी २०२५. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरचा समुद्रकिनारा. रात्रीची वेळ होती. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, एक मादी कासव खड्डा करून अंडी घालत होते. यात नवल काही नव्हते. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतातच. नवल होते ते त्या कासवाच्या पायाला लावलेल्या धातूच्या लहानशा बिल्ल्याचे. बिल्ल्यावर आकडा कोरलेला होता : ०३२३३.

समुद्री कासवाचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. अभ्यासक त्या पायाला क्रमांकाचा बिल्ला लावतात. कासव पुन्हा कोठे सापडले, तर क्रमांकावरून त्याची ओळख पटते. पण हा बिल्ला कोकणात लावलेला नव्हता. चौकशी झाली आणि उत्तर आले ते थेट भारताच्या दुसऱ्या टोकाकडून. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १८ मार्च २०२१ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर या मादीला तो बिल्ला लावला होता.

आता भारताचा नकाशा समोर ठेवा. ओडिशा पूर्वेला, बंगालच्या उपसागरावर. गुहागर पश्चिमेला, अरबी समुद्रावर. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोहत यायचे, तर श्रीलंकेच्या बाजूने सगळ्या दक्षिण भारताला वळसा घालावा लागतो. हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर भरते.

मादी कासव ज्या किनाऱ्याच्या परिसरात जन्मली, तिकडेच अंडी घालायला परत येते, असे सामान्यतः मानले जाते. त्यामुळे पूर्वेकडची कासवे वेगळी आणि पश्चिमेकडची वेगळी, असा समज होता. ०३२३३ क्रमांकाच्या कासवाने त्या समजाला धक्का दिला. एका कासवावरून नियम ठरत नाही हे खरे. पण एका कासवावरून प्रश्न मात्र उभा राहतो, आणि शास्त्राचे काम प्रश्नापासूनच सुरू होते.

तुम्ही म्हणाल, आम्ही वर्ध्याचे. आम्हांला समुद्राशी काय करायचे? रेल्वेने मुंबई गाठायची तर साडेसातशे किलोमीटर जावे लागते. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेलाही नसेल. पण पवनारची धाम नदी पाहिली असेल, हिंगणघाटची वणा पाहिली असेल. या नद्यांचे पाणी वर्धा नदीत जाते. वर्धा नदी वैनगंगेला मिळते, त्या दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आपल्या कौलांवर पडलेले पावसाचे पाणी मुंबईच्या समुद्रात जात नाही. ते त्या समुद्रात जाते, जेथून ०३२३३ क्रमांकाचे कासव निघाले होते. पाण्याबरोबर शेतांतील खते, कारखान्यांची घाण आणि प्लॅस्टिकच्या पिशव्याही तिकडेच निघतात.

येथे भाषेची एक गंमत सांगण्यासारखी आहे. उर्दूत तुम्ही ‘दरिया’ म्हणता तेव्हा तुमच्या मनात नदी असते. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. शब्द एकच, पण अर्थ वेगळा. आणि पुढे ‘बंदर’ हा शब्द आला तर हसू नका. मराठीत बंदर म्हणजे जहाजे व होड्या लागण्याची जागा, झाडावरचे माकड नव्हे!

समुद्रातील जीवांचा अभ्यास कोण करते? आपल्या डोळ्यांसमोर मोठे जहाज येते, प्रयोगशाळा येते, पांढरा कोट घातलेले शास्त्रज्ञ येतात. ते खरेच आहे. पण महाराष्ट्राचा किनारा सातशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे. शास्त्रज्ञ मोजके आहेत आणि त्यांचे जहाज रोज सगळीकडे जाऊ शकत नाही. रोज समुद्रावर जातो तो मच्छीमार. कोळी, गाबीत, भंडारी, खारवी या जमातींचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले आहेत. रत्नागिरीच्या आसपासचे दालदी मुसलमानही त्यांत आहेत. होडी, जाळे आणि खाडी हीच त्यांची शेती.

या लोकांचे ज्ञान पुस्तकात नसते, पण ते फार बारीक असते. पाण्याची खोली ते वावांनी सांगतात. दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी म्हणजे एक वाव. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती म्हणजे उधाण. अष्टमीच्या सुमाराची लहान भरती म्हणजे भांग. कोणत्या भरतीला कोणता मासा किती वाव पाण्यात मिळतो, हे होडीवरचा तांडेल न अडखळता सांगतो. पूर्वी भरपूर मिळणारा कोणता मासा आता दिसेनासा झाला, हेही त्यालाच आधी कळते. शास्त्रज्ञाला हेच तर हवे असते. मात्र पुष्कळ वर्षे त्याला विचारण्याची पद्धत नव्हती.

विचारले की काय घडते, याचे एक चांगले उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे लहानसे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणीस यांचे हे मूळ गाव. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांची पाहणी करीत या किनाऱ्यावर आले. संस्थेचे प्रमुख होते भाऊ काटदरे. पाहणी गरुडांची होती, पण वाळूत त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली. गावात चौकशी केली तेव्हा कळले, की येथे कासवे दरवर्षी येतात आणि त्यांची अंडी माणसे उचलून नेतात. काही खाण्यासाठी, काही विकण्यासाठी. माणसांच्या हातून सुटलेली अंडी कुत्रे आणि कोल्हे उकरून खात.

कायदा कासवाच्या बाजूने होता. पण रात्री दोन वाजता ओसाड किनाऱ्यावर कायदा कोण पाहणार? संस्थेने गावकऱ्यांनाच बरोबर घेतले. घरटे कोठे असते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून राखणीचे कामही त्यांच्याकडेच आले. असे राखण करणारे लोक पुढे ‘कासवमित्र’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

कासवमित्राचे काम दिसते तितके सोपे नाही. अंधार असतानाच तो किनारा तुडवायला निघतो. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला की तो थांबतो. मागाच्या शेवटी वाळू चाचपून घरटे शोधतो. ते साधारण दीड फूट खोल असते आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. अंडी हलक्या हाताने टोपलीत काढायची, कुंपण घातलेल्या जागेत तसाच, तेवढाच खोल खड्डा करून त्यात ठेवायची आणि वर पाटी लावायची. पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. मग पंचेचाळीस ते साठ दिवस वाट पाहायची. पिल्ले निघण्याचे दिवस जवळ आले की त्या जागेवर टोपली उपडी ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. एखाद्या सकाळी टोपलीखाली तळहाताहून लहान, काळसर पिल्ले वळवळताना दिसतात. ती किनाऱ्यावर सोडली की स्वतःच्या पायांनी समुद्राकडे धाव घेतात.

वेळासला पहिल्याच हंगामात सुमारे पन्नास घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली. पण मला या कामात पिल्लांइतकीच महत्त्वाची वाटते ती पाटी. कोणत्या महिन्यात किती घरटी, किती अंडी, किती पिल्ले, किती अंडी वाया गेली, अशा नोंदी वर्षानुवर्षे होत राहिल्या. गुहागरच्या त्या मादीने १२० अंडी घातली होती आणि त्यांतून १०७ पिल्ले बाहेर आली, हे आपण आज सांगू शकतो ते अशा नोंदी ठेवण्याच्या सवयीमुळेच. नोंदींना आणखी एक महत्त्व आहे. कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त गरम असेल तर माद्या अधिक निघतात. हवामान तापत चालले असताना या घरट्यांच्या नोंदी पुढच्या अभ्यासाला उपयोगी पडणार आहेत.

गावाला यातून काय मिळाले? राखण करणाऱ्यांना मानधन मिळाले. पुढे २००६ पासून वेळासला ‘कासव महोत्सव’ होऊ लागला. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली. गावात हॉटेल नव्हते. पाहुणे लोकांच्या घरीच उतरत, घरचाच भात-आमटी आणि उकडीचे मोदक खात. खोली आणि जेवणाचे पैसे घरातील बाईच्या हाती पडू लागले. अंडे विकून एकदा चार पैसे मिळत. अंडे राखून दरवर्षी पैसे मिळू लागले. गावकरी कासवावर प्रेम करू लागले असे लिहिणे सोपे आहे. मला वाटते, आधी हिशेब जमला आणि मग प्रेम जडले. त्यात कमीपणा काही नाही.

किनाऱ्यावरच्या या पायाभरणीमुळे पुढचे शास्त्रीय काम शक्य झाले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवण्यात आले. तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्र वन विभागाशी संबंधित कांदळवन प्रतिष्ठान यांनी हे काम हाती घेतले होते. २०२३ मध्ये गुहागरला आणखी दोन माद्यांना यंत्रे लावली. त्यांतील ‘बागेश्री’ दक्षिणेकडे पोहत गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. म्हणजे ०३२३३ क्रमांकाचे कासव ज्या वाटेने आले असावे, त्या वाटेने बागेश्री उलट गेली होती! यंत्र उपग्रहाशी बोलते, पण मादी किनाऱ्यावर कधी आणि कोठे आली हे त्या यंत्राला आधी कोण सांगणार? ते रात्रीच्या गस्तीवरच्या माणसालाच सांगावे लागते.

आता किनारा सोडून जरा खोल समुद्रात जाऊ. कासव हे माशासारखे पाण्यात श्वास घेत नाही. त्याला हवेसाठी वर यावे लागते. जाळ्यात अडकून ते खालीच राहिले तर गुदमरून मरते. ‘बहिरी’ किंवा ‘देवमुशी’ या नावाने ओळखला जाणारा अवाढव्य मासाही कधी कधी जाळ्यात सापडतो. हा जगातील सर्वांत मोठा मासा. त्याची लांबी चाळीस फुटांपर्यंत भरते, पण तो खातो पाण्यातील बारीक जीव आणि माणसाला त्रास देत नाही. २००१ पासून भारतात त्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे.

असा प्राणी सोडवायचा तर जाळे कापावे लागते. जाळे म्हणजे मच्छीमाराची बैलजोडीच समजा. ते कापले की त्या दिवसाची मासळी गेली, जाळ्याची किंमत गेली आणि शिवण्यात पुढचे दिवसही गेले. कासव वाचले, पण खलाशांच्या घरी चूल कशी पेटणार? हा प्रश्न ओळखून राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी डिसेंबर २०१८ मध्ये एक योजना आणली. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापले, तर मच्छीमाराला जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई मिळते. अट एकच महत्त्वाची : प्राणी सोडतानाचे छायाचित्र किंवा चित्रफीत हवी.

ही अट भरपाईसाठी होती, पण तिचा फायदा अभ्यासाला झाला. प्रत्येक अर्जाबरोबर प्राण्याचे चित्र, तारीख आणि ठिकाण येऊ लागले. त्यांत सर्वाधिक होती ती समुद्री कासवे. ऑलिव्ह रिडले होती, हिरवी कासवे होती, आणि चामडी पाठीचे दुर्मीळ कासवही होते. देवमुशी होत्या. जे प्राणी शास्त्रज्ञाला आयुष्यात एक-दोनदा दिसतात, ते कोकणच्या समुद्रात कोणत्या महिन्यात येतात याचे पुरावे साध्या मोबाइल फोनमधून जमा होऊ लागले. मोठे जाळे पंचवीस हजारांपेक्षा कितीतरी महाग असते आणि भरपाई हातात पडेपर्यंत थांबावे लागते, हेही येथे सांगितले पाहिजे. तरीही लोकांनी जाळी कापली.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात जाळ्यावरच एक प्रयोग झाला. जाळ्याच्या छिद्राला आस म्हणतात. नेहमीच्या जाळ्याचे आस शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. जाळे ओढले की ते मिटतात आणि लहान पिल्लेही आत अडकतात. ४० मिलिमीटरचे चौकोनी आस मात्र ओढ बसली तरी उघडे राहतात. त्यांतून पिल्ले निसटतात. हे जाळे कागदावर तपासून चालले नसते. तेथील मच्छीमारांनी ते आपल्या बोटींना लावून पाहिले. कोणता मासा आत राहिला आणि कोणता सुटला हे मोजले गेले. सुटलेली पिल्ले पुढच्या हंगामात मोठी होऊन मिळणार, हा त्यातला लाभ. त्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांच्या बचत गटाने पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवण्याचा व्यवसाय सुरू केला. झाडांची, पक्ष्यांची, खेकड्यांची माहिती त्या स्वतःच सांगतात.

एक गोष्ट मात्र मनाला खटकते. शास्त्रीय अहवालावर शास्त्रज्ञांची नावे असतात. ज्याने माहिती दिली, त्या तांडेलाचे नाव बहुधा नसते. माहिती त्याची, पण लेखी तिच्यावर त्याचा हक्क नाही. ही उणीव भारतातील अभ्यासकांनी ओळखली होती. गावातील जीवांची माहिती गावकऱ्यांनीच लिहावी, ही कल्पना माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी मांडली आणि रुजवली. २००२ साली जैविक विविधता कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असते आणि तिने ‘लोकजैवविविधता नोंदवही’ तयार करायची असते. गावच्या जीवांपासून किंवा गावच्या ज्ञानापासून कोणी औषध वा माल बनवून पैसा कमावला, तर त्यातील वाटा गावालाही मिळावा, असे हा कायदा सांगतो. महाराष्ट्रात हे काम पाहणाऱ्या राज्य मंडळाचे मुख्य कार्यालय समुद्रकाठी नाही. ते आपल्या शेजारी, नागपूरला आहे.

नोंदवही फक्त कोकणासाठी नाही. आपल्या जिल्ह्यातही भोई आणि ढिवर लोक नदी-तलावांत मासे धरतात. कतला आणि रोहू यांचे बीज बहुतेक ठिकाणी बाहेरून आणून सोडतात, पण मरळ, वाम आणि नदीतले कितीतरी बारीक मासे मूळचे येथलेच. त्यांची गावठी नावे दहा कोसांवर बदलतात आणि ती सगळी कोणत्याही एका पुस्तकात नाहीत. नोंदवहीत त्या माशाचे नाव लिहायचे असते, तो कोठे आणि कोणत्या महिन्यात मिळतो ते लिहायचे असते, पूर्वी किती मिळत असे आणि आता किती मिळतो तेही लिहायचे असते. आणखी एक रकाना असतो : ही माहिती कोणी सांगितली. त्या रकान्यात जाळे टाकणाऱ्या माणसाचे नाव लिहितात.

शब्दार्थ
गस्त – राखणीसाठी घातलेली फेरी, पहारा
तांडेल – होडीचा प्रमुख
खलाशी – होडीवर काम करणारा
कांदळवन – खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचे वन
हंगाम – ठरावीक काळ, मोसम (उर्दूतील ‘हंगामा’ वेगळा)
मानधन – कामाबद्दल दिलेली ठरावीक रक्कम
रकाना – वहीतील उभा भाग, खाना

स्वाध्याय
१. ०३२३३ क्रमांकाच्या कासवाने कोणत्या समजाला धक्का दिला?
२. कासवमित्र घरटे कसे शोधतो आणि अंडी कशी राखतो, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. ‘आधी हिशेब जमला आणि मग प्रेम जडले’ असे लेखक का म्हणतो? तुम्हांला ते पटते का?
४. जाळे कापणाऱ्या मच्छीमाराचे नुकसान कोणकोणते होते?
५. धाम नदीचे पाणी समुद्रापर्यंत कोणत्या वाटेने जाते, ते नकाशात दाखवा.
६. तुमच्या गावातील मासे धरणाऱ्या किंवा विकणाऱ्या माणसाला भेटा. त्याच्याकडून पाच माशांची गावठी नावे विचारून वहीत लिहा. माहिती सांगणाऱ्याचे नाव लिहिण्यास विसरू नका.